थेट पाइपलाइन आली, आता पंचगंगा कुणाची?

गंगावेशकर (धागाकर्ता)

मंडळी, 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी आपल्या कोल्हापूर शहरात आलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. त्या योजनेच्या नावावर किती निवडणुका झाल्या आणि किती मोर्चे निघाले याचा हिशोब कुणी ठेवला असेल तर त्याला दंडवत. 50 किलोमीटरहून लांबून, दूधगंगेच्या धरणातून पाणी येतंय, शिंगणापूर-बालिंग्याच्या उपशावरचा भार हलका झालाय. त्याबद्दल तक्रार नाही. (पाइप कुठं फुटली आणि कुणाच्या नळाला पाणी नाही, यासाठी वेगळा धागा काढा. इथं नको.)

माझा प्रश्न असा, की आता शहराचं पंचगंगेशी काम काय उरलं?

जुलैत बघा, आपण सगळे जलतज्ज्ञ असतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे शेंबड्या पोराला पाठ. पुराच्या खुणाही तशाच पाठ: रेडेडोह फुटला का, मच्छिंद्री झाली का, पाणी जामदार क्लबला लागलं का, सुतारवाड्यातली माणसं हलवली का. रात्री दोनला उठून लोक मोबाइलवर फूट आणि इंच बघतात. 2019 ला 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर, हे आकडे आपण घरातल्यांच्या वाढदिवसापेक्षा पक्के लक्षात ठेवलेत.

आणि पाऊस सरला, बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पडले, की नदी आपल्या लेखी बंद. मग एकदम त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे घाटावर पणत्या लावायला गर्दी. डिसेंबरात शिवाजी पुलाखालचं पाणी कुठल्या रंगाचं असतं हे पुलावरून रोज गाडी नेणाऱ्याला विचारा, सांगता येणार नाही.

ज्या काठावर हे गाव बसलं तो काठ लहान नव्हे. ब्रह्मपुरीच्या टेकडीत खोदकाम झालं तेव्हा रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती सापडली, आपल्या टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. सातवाहनांच्या काळात या घाटाजवळ परदेशी माल येत होता म्हणायचा. आणि आज? निदान नळाला नदीचं पाणी होतं तोवर काविळीच्या भीतीनं का होईना बोंब व्हायची. आता ती भीतीही गेली. बोंब मारायची कुणी?

शिरोळकाठ

गंगावेशकर, विषय चांगला काढलाय, पण पाया कच्चा आहे. तुम्ही पंचगंगा पीत होता म्हणता, ती कुठली? शिंगणापूर आणि बालिंगा शहराच्या वरच्या अंगाला. जयंती नाला मिळतो तो खाली. उपसा वर आणि सांडपाणी खाली. तुमचं सांडपाणी तुमच्या नळाला कधीच आलं नाही दादा, ते आमच्याकडं आलं. तेव्हा पाइपलाइन येऊन भीती गेली वगैरे म्हणू नका, ती भीती तुम्हाला पहिल्यापासूनच अर्धी होती.

तेरवाड बंधारा बघितलाय का कधी कुणी? नृसिंहवाडीला दर्शनाला जाता, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन परत येता, पण मधे गाडी वळवून बंधाऱ्यावर कुणी जात नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा या. बरग्यांच्या वरच्या बाजूला केंदाळ (जलपर्णी) इतकं दाटलेलं असतं की नवख्याला ते हिरवं रान वाटावं. खालच्या बाजूला पाणी पडतं तिथं फेस. ज्या दिवशी वरून काळं पाणी येतं त्या दिवशी पहाटे मासे काठाला येतात आणि तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत राहतात. हातानं धरले तरी पळत नाहीत. दुपारपर्यंत पांढरी पोटं वर. पोरं पाट्या भरून नेतात आणि बाजारात बसतात. विकत घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही आणि विकणारा सांगत नाही.

पूर्वी इथं वाम मिळायची, मरळ मिळायची. आता जाळ्यात येते ती चिलापी. तिला काय, कसलंही पाणी चालतं.

पेठेतला

काय भावा, सकाळ सकाळ गंभीर धागा!

आमचं तर नदीशी नातं आजूनबी हाय. आमच्या म्हशी रोज घाटाला जात्यात. मला पवायला आमच्या आबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकवलं, तेबी ढकलून दिऊन. तवा पाणी गुडघाभर आत गेलं तरी पायाची बोटं दिसायची. आता माझं पोरगं तरणतलावावर जातंय, फी भरून. नदीत उतरवायची माझीच हिंमत न्हाई.

पन एक इचारतो. नदी स्वच्छ करा म्हटलं की पयला फोटो म्हशीचा काढत्यात. फलक म्हशीसाठी, दंड म्हशीला. पाडव्याला त्याच म्हशी नटवून मिरवल्या की टाळ्या, रात्री कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला रांग, आनि सकाळी त्याच म्हशी घाटावर दिसल्या की लगेच प्रदूषण. शेण दिसतंय म्हणून बोलतासा. नाला दिसत न्हाई व्हय?

गंगावेशकर

शिरोळकाठ, वरचा उपसा वर आणि नाला खाली हे बरोबर. पण वरच्या गावांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी आपल्यालाही येत होतंच, शिंगणापुरातही उन्हाळ्यात पाण्याला वास यायचा. तरी तुमचा मुद्दा मान्य, तुमच्या वाट्याला आलं त्याच्यापुढं आमचं काहीच नाही.

पेठेतला, म्हशींवर भांडण नको. मला स्वतःला म्हशींशिवाय घाट बघवणार नाही.

निळीरेषा

थोडं तांत्रिक लिहितो, कारण मासे का मरतात यावर दर वर्षी नुसती चिखलफेक होते.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती (आणि श्रद्धेनं पाचवी गुप्त सरस्वती) प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि तिथून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ही नदी पंचगंगा. साधारण 80 किलोमीटर. एवढ्याशा अंतरात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे. हे आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, आता राज्यभर याच नावानं बांधले जातात. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढायचे. शेतीला याच्याइतकं स्वस्त आणि शहाणपणाचं काही नाही.

पण बरगे घातले की वाहती नदी राहत नाही, ओळीनं तळी तयार होतात. स्वच्छ पाणी अडवलं तर ठीक. सांडपाणी, मळीचं पाणी, रंगाचं पाणी मिसळून अडवलं, की सगळा गाळ तळाला बसून कुजतो आणि पाण्यातला ऑक्सिजन खातो. मग राधानगरीतून आवर्तन सुटतं, किंवा वळवाच्या पावसात बरगे काढले जातात. तळाचा सडका गाळ ढवळला जाऊन एका दमात खाली जातो. तो लोंढा ज्या बंधाऱ्यावर पोचेल तिथले मासे त्या पहाटे मरतात. पहाटेच का, तर रात्रभर शेवाळ आणि केंदाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. त्यामुळं "अमुक कारखान्यानं काल रात्री सोडलं" हे दर वेळी खरं असतंच असं नाही. कधी कधी ते चार महिने थोडं थोडं सगळ्यांनी सोडलेलं असतं.

शहरापुरतं सांगायचं तर कसबा बावड्याला 76 दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीला 17 दशलक्ष लिटरचं प्रक्रिया केंद्र आहे. जयंतीचं पाणी उपसून बावड्याला न्यायचं अशी रचना. वीज गेली, पंप बंद पडला किंवा पाऊस जोरात आला, की नाला बांधावरून उडी मारून थेट नदीत. कागदावर क्षमता आहे. क्षमता आणि रोजचं चालणं यात जी फट आहे तिथून नदी खराब होते.

बाय द वे, जयंती "नाला" म्हणणारे आपणच. ती कात्यायनी-कळंब्याच्या बाजूनं येणारी चांगली नदी होती.

बावड्याचा_शेतकरी

निळीरेषा यांनी बंधाऱ्याचं बरोबर सांगितलं. आता शेतकऱ्याच्या बाजूनं.

शहरातल्या माणसाला पूर म्हणजे बंद रस्ते आणि सुट्टी. आम्हाला पूर म्हणजे मोटर. पाणी चढायला लागलं की पहिला फोन भावकीला, "मोटर काढायची आहे, ये." भर पावसात, चिखलात, चेनपुली लावून, दहा जण कासऱ्याला धरून काठावर ओढायची. केबल सोडवायची, स्टार्टर पेटी खांद्यावर घेऊन वर आणायची. एक तास उशीर झाला की मोटर गेली. आमच्या काठावर एकमेकांशी कोर्टात भांडणारे भाऊबंदसुद्धा मोटरीला एकत्र येतात, हे मी बघितलंय. तेव्हा नदीशी नातं वगैरे आम्हाला शोधावं लागत नाही.

आणि उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की वाळणारा ऊस बघत बसायचं. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण मनावर घेतलं नसतं तर तोही दिसला नसता.

पण आपलंही बोललं पाहिजे. ऊस पाटपाण्यावर, खत पोत्यावर पोतं, आणि जादाचं पाणी रानातून परत ओढ्याला. ओढ्यातून नदीला. केंदाळ उगीच माजत नाही, त्याला खाऊ आपणच घालतोय. ठिबक म्हटलं की लोक म्हणतात उंदीर कुरतडतात. खरं आहे, कुरतडतात. तरीसुद्धा.

यंत्रमाग_नगरी

इचलकरंजीचा आहे, शिव्या घालायच्या तर घाला. काळा ओढा आमच्याच गावातून जातो. एकेकाळी प्रोसेसमध्ये कुठला रंग चालू आहे ते ओढ्याकडं बघून कळायचं. आता पूर्वीइतकं नाही, सामुदायिक प्रक्रिया केंद्र झालं, कोर्टाचे दणके बसले. पण सगळं बंद झालंय असं मी म्हणणार नाही, म्हणालो तर गावातलेच हसतील.

फक्त एक लक्षात ठेवा, या नदीनं सगळ्यात जास्त मारलं आहे ते आमच्या गावाला. 2012 च्या उन्हाळ्यात काविळीनं माणसं गेली. दवाखान्यात खाट नव्हती, एका खाटेवर दोघं. गरोदर बायकांना धोका जास्त होता. आमच्या वहिनीला तिच्या माहेरी मिरजेला पाठवून दिलं होतं आणि ती परत यायलाच तयार नव्हती.

त्यानंतर आम्हीही तेच केलं जे कोल्हापूरनं केलं. दुसऱ्याची नदी शोधली. मजरेवाडीला कृष्णेचं पाणी आहे, ते पुरत नाही. मग दूधगंगेतून सुळकूडची योजना. तिथल्या काठाच्या गावांनी ठाम विरोध केला. त्यांचं एकच म्हणणं: तुमची नदी तुम्ही नासवली, आता आमची मागताय. याला आमच्याकडं उत्तर काय? काही नाही. तहान आहे, एवढंच उत्तर आहे.

मजा म्हणजे त्याच दूधगंगेचं पाणी वरच्या वर काळम्मावाडीतून कोल्हापूरला गेलं, तिथं पेढे वाटले. आम्ही खालून मागितलं तर बंद पाळले गेले.

गंगावेशकर

यंत्रमाग_नगरी, हा शेवटचा परिच्छेद झोंबला. पण धाग्याचा विषय खरा हाच आहे. आपली नदी गेली की पाइप टाकून पुढच्या नदीला हात घालायचा. दूधगंगा झाली, मग वारणा, मग कोण? सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या काही अमर्याद नाहीत.

कुरुंदवाड_घाट

आमच्याकडची एक गोष्ट. पुराचं पाणी वाडीच्या मंदिरात उत्तरेच्या दारानं शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री गाड्या करून येतात. निम्मं पाणी कृष्णेचं, निम्मं पंचगंगेचं, वेगळं कोण करणार. ते ओंजळीत घेऊन डोळ्याला लावणारी माझी आजी होती आणि आज मीही लावतो.

जानेवारीत त्याच घाटावर पायरीवर बसवत नाही इतका वास असतो, तेव्हा कुणी गाडी करून येत नाही.

लेकुरवाळी_पुण्यात

कोल्हापूरची आहे, सध्या पुण्यात. आई गेली तेव्हा व्हॉट्सअॅपवर नेहमीचा मेसेज गेला, "रक्षाविसर्जन सकाळी 9 वाजता, पंचगंगा." आपल्या स्मशानभूमीत सगळं मोफत होतं, शेणीसुद्धा लोक होळीला दान करतात, याचं पुण्यातल्या मैत्रिणींना फार आश्चर्य वाटतं. तर आम्ही रक्षा घेऊन घाटावर गेलो. आईची इच्छा नदीतच सोडा अशी होती. दादा पायरीवर उतरला, पाण्याकडं बघितलं, आणि तसाच परत वर आला. म्हणाला, "आईला यात सोडू?" मोठी माणसं रागावली. शेवटी मूठभर नदीत, बाकीची मामाच्या शेतात, वर आंब्याचं रोप.

मला अजून कळत नाही, आम्ही आईचं ऐकलं की नाही ऐकलं.

उगाचच_आशावादी

सगळे रडताय म्हणून एक बरी गोष्ट. घरगुती गणपती पंचगंगेत सोडायचे नाहीत असं वीस वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं तर त्याची गल्लीत काय गत झाली असती? आज चौकाचौकात काहिली ठेवलेल्या असतात. गुऱ्हाळातली काहील विसर्जनाला वापरायची ही अक्कल आपल्याच लोकांची, बाहेरून कुणी शिकवली नाही. निर्माल्य वेगळं गोळा होतं. मोठे गणपती इराणी खणीला जातात. म्हणजे माणूस बदलतो, पण त्याला रीत मोडायला लावू नका, रीतीची जागा बदला.

पेठेतला

व्हय की. फकस्त पीओपी तितंबी पीओपीच ऱ्हातंय, खणीत टाकलं म्हणून विरघळत न्हाई. पन नदी वाचली, कबूल.

खटपट्या

पूररेषेवर कुणी बोलेना? निळी रेषा, लाल रेषा नकाशावर, आणि जागेवर डंपरनं भराव. नदीचं पात्र पसरायची जागा आपण प्लॉट पाडून विकली. मग पाणी व्हीनस कॉर्नरला येणार नाही तर काय करणार? आलमट्टीच्या नावानं शंख करायला सगळे पुढं. आलमट्टीच्या फुगवट्याचा अभ्यास जरूर व्हावा, पण गावातला भराव काही कर्नाटकनं टाकलेला नाही.

निळीरेषा

खटपट्या, सहमत. 2019 आणि 2021 च्या पुरात शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली होती, आठवतंय ना? चहूकडं पाणी, आणि प्यायला टँकरची वाट. पण पूर हा वेगळा धागा होईल. इथं हिवाळा-उन्हाळ्यातल्या नदीवरच राहू.

गंगावेशकरांच्या मूळ प्रश्नातच मला उत्तर दिसतं. आपण पाऊसकाळात फूट-इंच मोजतो, कारण आकडा रोज समोर येतो. नोव्हेंबर ते मे पाण्यातल्या ऑक्सिजनचा असा आकडा, सोबत फोटो, रोज समोर आला तर? प्रत्येक बंधाऱ्यावर राहणारं या धाग्यावर कुणी ना कुणी आहेच.

शिरोळकाठ

फोटो टाकून काही होत नाही हो. आम्ही कमी टाकले का? मासे मेल्यावर आम्ही संबंधित कार्यालयाला फोन करतो. माणूस येईपर्यंत पाणी पुढं गेलेलं असतं. मग स्वच्छ पाण्याचा नमुना घेतात आणि अहवाल येतो सगळं मर्यादेत. एकदा तर मेलेला मासा टेबलावर ठेवला तेव्हा साहेब उठले.

निळीरेषा

म्हणूनच मेल्यानंतर नाही, आधीपासून मोजायचं. आणि नुसता बाटलीत भरलेला नमुना ऑक्सिजनसाठी चालत नाही. बाटली प्रयोगशाळेत जाईपर्यंत आकडा बदलतो. काठावरच, हवेचा बुडबुडा न राहू देता बाटली भरून त्यात दोन रसायनं घालून ऑक्सिजन "बांधावा" लागतो, मग पुढचं काम लॅबमध्ये निवांत करता येतं. रसायनशास्त्राच्या कुठल्याही कॉलेजात हे पोरांना शिकवतात. प्रश्न फक्त पहाटे काठावर कोण जाणार हा. दुपारी मोजलं तर केंदाळाच्या कृपेनं आकडा छान दिसेल आणि आपणच आपल्याला फसवू.

यंत्रमाग_नगरी

आमच्या बाजूला रुई आणि इचलकरंजी बंधारा मी बघतो. पुतण्या केमिस्ट्रीला आहे, रसायनं त्याच्या सरांना विचारून सांगतो. फक्त आकडे वाईट आले तर "इचलकरंजीनं केलं" असं लगेच टाकू नका, आधी आमच्या वरच्या बंधाऱ्याचा आकडा बघा.

शिरोळकाठ

हे योग्य बोललात. वरचा आकडा आधी, मग खालचा. तेरवाड माझ्याकडं. गेली कित्येक वर्षं शिव्या देऊन झाल्या, हेही करून बघतो. बरगे घालायच्या आधी एकदा मोजलं पाहिजे, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील.

बावड्याचा_शेतकरी

राजाराम बंधारा माझ्या रानापासून जवळ, पण ऊसतोड सुरू झाली की माझा भरवसा धरू नका. त्या दिवसांत दुसरा माणूस लागेल.

पेठेतला

घाटाचं मी करतो. पाच वाजता म्हशी घेऊन तितंच असतोय, बाटली तेवढी कुणीतरी आनून द्या. आनि रसायन म्हशीनं चाटलं तर काय हुईल ते आदी सांगा.

निळीरेषा

पेठेतला, चाटू देऊ नका. त्यातलं एक चांगलंच जळजळीत असतं. हातमोजे आणि झाकणाची पेटी घेऊनच देतो. गंगावेशकर, तुम्ही घाटाजवळच राहता ना? पेटी तुमच्याकडं ठेवू.

गंगावेशकर

ठेवा. बायकोला सांगायला लागेल, पण ठेवा.